कांदाटीच्या वाटा

माझ्या आजोबांचा बाजार खेडचा. आईचे वडील ते. कांदाटी नदीच्या काठी त्यांचं गाव होतं. हिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन ते चकदेव डोंगराच्या शिड्यांवरून कोकणात उतरायचे आणि मीठ, सुकी मासळी, सणावाराला एखादं लुगडं घेऊन तिसऱ्या दिवशी वर यायचे. कोयनेचं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं सांगली जिल्ह्यात वसवली गेली. मामाच्या मुलाला, आमच्या दादाला, त्या वाटेनं एकदा चालायचं होतं. जन्म उसाच्या सपाट रानात गेला, वय एकसष्ट. पण गेली चार-पाच वर्षं दिवाळीला भेटला की तो हाच विषय काढायचा. यंदा डिसेंबरात जमलं. दादा, मी आणि माझा भाचा, असे तिघं निघालो.

पहिला दिवस : सातारा, बामणोली, शिंदी

सकाळी सहाला सातारा सोडलं. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत गाडीच्या काचा धुक्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. कासचं पठार ओलांडताना भाच्यानं गाडी थांबवायला लावली. सप्टेंबरात फुलं असतात तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. आता सगळं पठार तांबूस, वाळलेल्या गवताचं, आणि मधूनमधून उघडा पडलेला जांभा दगड. मला कास असंच जास्त आवडतं. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरीला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं तेव्हापासून फुलांची गर्दी वाढली. पण फुलं गेल्यावर हे पठार कसं श्वास सोडून बसतं, ते पाहायला कुणी थांबत नाही.

बामणोलीच्या धक्क्यावर लाँच ठरवली. शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी अजून काठोकाठ होतं. १०५ टीएमसीचा हा साठा. यातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणात सोडतात आणि वीज काढतात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट. मूळची नदी मात्र पूर्वेला वाहणारी. कराडला प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते, आणि तेच पाणी पुढे सांगलीला जातं. दादा लाँचच्या टोकाला बसला होता. बराच वेळ त्यानं पाण्यात हात बुडवून ठेवला. मग म्हणाला, "आमच्या मोटरीला हेच पाणी येतं की रे."

लाँचवाल्याला आम्ही गावाचं नाव सांगितलं. त्यानं इंजिन मंद केलं, एका सोंडेच्या टोकाकडे आणि समोरच्या काठावरच्या उंबराकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ह्या दोन्हींच्या मधी. उन्हाळ्यात पाणी लईच उतरलं तर जोती दिसत्यात." आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. पाणी हिरवं, गुळगुळीत, त्यावर आमच्याच लाँचची वळी. दादानं सांगलीहून नारळ आणला होता. तो फोडला नाही, तसाच सोडला. थोडा वेळ तो आमच्या मागे डोलत राहिला.

पलीकडच्या काठाला जीप उभी होती. आत आधीच नऊ माणसं, दोन गॅसच्या टाक्या, एक पत्र्याची पेटी. उचाटवरून शिंदीपर्यंतचा रस्ता डोंगराच्या कमरेतून जातो. खाली एकीकडे पाण्याचं बोट आत शिरलेलं, वर पर्वत आणि चकदेव या दोन डोंगरांच्या भिंती. शिंदी हे महाबळेश्वर तालुक्यातलं गाव, जिल्हा सातारा. पण रघुवीर घाट उतरला की खाली खोपी आणि पुढे खेड, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. एसटी खेडची, बाजार खेडचा, दवाखानाही बहुतेक खेडचाच. ज्या घरात उतरलो तिथल्या काकू म्हणाल्या, "साताऱ्याला आम्ही कागदाला जातो."

घरात माणसं तीन. काकू, त्यांचे सासरे आणि शाळेत जाणारी नात. काका आणि दोन्ही मुलगे मुंबईला. या खोऱ्यातलं बहुतेक घर असंच. जावळी, महाबळेश्वर, पाटण या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहत आली. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. ज्या पाठीनं हिरडा खेडला नेला तीच पाठ पुढे मशीद बंदरला गेली, असं मला त्या रात्री वाटत राहिलं. जेवायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लसणाचा ठेचा होता. दादानं तिसरी भाकरी मागून घेतली.

दुसरा दिवस : चकदेव

सकाळी सातला निघालो. काकूंचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणू लागलो होतो, गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत सोडायला आले आणि सोडायचं सोडून थेट वरपर्यंत आले. वय पंचाहत्तरच्या पुढे. पायात रबरी चपला, कमरेला आकडी आणि आकडीत कोयती.

या माणसाबरोबर चाललो नसतो तर वाट म्हणजे काय ते मला कळलं नसतं. तीस वर्षं मी सह्याद्रीत फिरतोय. पण आबा नुसते चालत नव्हते. चालता चालता कोयती काढायची, वाटेवर आलेली कारवी एका तिरक्या घावात तोडायची, कोयती परत आकडीत अडकवायची. पाऊल थांबत नव्हतं. पावसानं घरंगळलेला धोंडा पायानं सरकवून परत पायरीच्या जागी बसवायचा. एका ठिकाणी ते वाकले आणि मला कारवीचा खुंट दाखवला. मनगटाएवढ्या उंचीवर तिरका कापलेला, आतला भाग अजून पिवळसर. "ह्यो औंदाचा," ते म्हणाले. शेजारचा खुंट राखाडी झाला होता. "ह्यो दोन सालांमागचा. आन् ह्यो बघा." तिसरा खुंट काळा पडून कुजला होता, आणि त्याच्या बुडातून नवीन चार काठ्या वर आल्या होत्या. "काळा खुंट दिसला की समजायचं, हितनं कुनी जात न्हाई. वाट मोडली."

वाट मोडली. हा शब्द मी यापूर्वी शंभर वेळा ऐकला असेल. घर मोडतं, लग्न मोडतं, गाव मोडतं, तशी वाटही मोडते. ती माणसांनी धरून ठेवलेली असते आणि माणसं गेली की दोन पावसाळ्यांत रान ती परत घेतं. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते खरी, पण वाढायला तिला सात वर्षं लागत नाहीत.

दोन तासांत माथ्यावर आलो. शेवटचा टप्पा कातळात खोदलेल्या पावठ्यांचा आहे. पावलं पडून पडून त्या पावठ्या मधोमध खोलगट झाल्यात. दादानं एका पावठीत तळहात ठेवून पाहिला, तो आत बसला. त्याच्या मनात काय होतं ते विचारायची मला गरज वाटली नाही.

चकदेवच्या सपाटीवर जंगमांची थोडी घरं आहेत आणि चौकेश्वराचं देऊळ. या भागातल्या उंच डोंगरांवर, चकदेव, पर्वत, मधुमकरंदगड, सगळीकडे शंकर आणि त्याची पूजा राखणारी जंगम घरं सापडतात. पूर्वी किती होती आणि आता किती उरली, हे घरांची मोकळी जोती मोजली की कळतं. देवळाभोवती उघड्यावर पिंडी आणि नंदी मांडलेले आहेत. एका नंदीच्या पाठीवर कुणीतरी शेवंतीचं ताजं फूल ठेवलं होतं. एवढ्या वरती शेवंती कुणी आणली ते विचारलं, तर पुजारी मामा म्हणाले, "दारातच लावलीय."

दुपारी मामांनी शिड्या दाखवायला नेलं. सपाटीच्या पश्चिम टोकाला डोंगर एकदम संपतो. खाली कोकण. आंबिवलीची घरं काड्यापेटीएवढी, मधे हिरवट निळा उतार, समोर रसाळगड, उजव्या हाताला महिपतगडाचा लांबलचक माथा, आणि दूर उत्तरेला मधुमकरंदगडाचं खोगीर. इंग्रजांनी त्याला सॅडलबॅक म्हटलं ते याच आकारावरून. कड्याच्या अंगावर आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत गेला. कठीण थराचा कडा झाला आणि मऊ थराचा पदर. आपले सगळे घाट, नाळा, माच्या या उतरंडीतूनच वाट काढतात. कडा आडवा आला की मात्र माणसाला काहीतरी बांधावं लागतं. इथल्या माणसांनी शिडी बांधली.

पूर्वी लाकडाच्या शिड्या होत्या, आता लोखंडाच्या आहेत. पहिली शिडी कातळाला चिकटून सरळ खाली जाते. मी तोंड कड्याकडे करून उतरायला लागलो. लोखंड सकाळच्या दवानं अजून गार होतं, आणि हात ज्या जागी पडतो तेवढीच जागा चकचकीत, बाकी सगळा गंज. त्या चकाकीवरून कळत होतं की वाट अजून जिवंत आहे. पाठीमागे मोकळी हवा, खालून येणारा वारा शर्टात शिरत होता. पाय ठेवायला पुढची पायरी डोळ्यांना दिसत नाही, पायानंच शोधावी लागते. ती सापडेपर्यंतच्या त्या एका क्षणात पोटात जे होतं ते मी इतक्या वर्षांत कुठल्याच कड्यावर अनुभवलं नव्हतं. आणि मी मोकळ्या हातांनी होतो. आजोबा डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन हे चढायचे. मामा वरून सांगत होते, "आजारी मानूस असंल तर पाठीला बांधून उतरवत्यात. माझी बहीण अशीच उतरवली, पहिल्या बाळाला." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दादा खाली उतरला नाही, गुडघ्याचा भरवसा नव्हता. पण पहिल्या शिडीच्या डोक्याशी तो मांडी घालून बसला आणि तासभर हलला नाही.

रात्री मामांच्या घरी मुक्काम. कुडाच्या भिंती, कारवीच्या काठ्यांवर मातीशेणाचा लेप. आत ऊब अशी की अंगावर घेतलेलं पांघरूण काढून ठेवलं. मामांची आई चुलीपाशी होती. वय किती विचारल्यावर म्हणाली, "भूकंपाच्या साली ह्या घरात आले." म्हणजे १९६७. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती नवी नवरी होती. "भांडी पडली, गुरं वरडली. सासरे म्हनले, डोंगर कूस बदलतोय." नव्या सुनेला काहीतरी सांगून धीर द्यायचा म्हणून ते बोलले असतील. अठ्ठावन्न वर्षं तिनं ते वाक्य जपलंय.

तिसरा दिवस : पर्वत

चकदेव उतरून वळवणला आलो आणि तिथून पर्वत चढायचा, असा बेत. आबा वळवणच्या फाट्यावर थांबले, त्यांना नातीला शाळेतून आणायचं होतं. "ठळक वाटंनं जावा. उजवीकडं वळू नका," एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

चूक माझी. भाच्याच्या फोनवरच्या नकाशात एक बारीक रेघ होती, ठळक वाटेपेक्षा सरळ, सोंडेवरून थेट माथ्याला भिडणारी. ऊन वाढत होतं, दादाचा गुडघा कुरकुरत होता, अंतर निम्मं दिसत होतं. मी म्हणालो, इकडून जाऊ. पहिली वीस मिनिटं वाट होती. मग ती ढोरवाट झाली. मग कारवी छातीपर्यंत आली, मग डोक्यावर. काळा खुंट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आदल्याच दिवशी शिकलो होतो त्याचा अर्थ, आणि तरी पुढे गेलो. फोनवर आम्ही बरोबर रेघेवर होतो. पायाखाली मात्र वाट नव्हती, नुसता घसारा आणि वाळलेला पाला.

दीड तासानं एका घळीच्या तोंडाशी आलो. वर ओला कातळ, बाजूला उतार असा की बूट ठेवला की माती सुटायची. दादा एका आंजणीच्या बुंध्याला धरून बसला. चेहरा पांढरा पडला होता. पाण्याची एक बाटली उरली होती. भाचा बावीस वर्षांचा, तो म्हणत होता मी वर जाऊन बघून येतो. मी त्याला जाऊ दिलं नाही. तो निर्णय बरोबर होता, एवढंच त्या दिवशीचं माझं समाधान. परत फिरायचं ठरवलं, आणि उतरताना आलेलीच वाट सापडेना. कारवीत मागे वळून पाहिलं की सगळ्या दिशा सारख्या. एकाला पुढे पाठवून हाक द्यायची, आवाजाच्या रोखानं बाकीच्यांनी जायचं, असं करत खाली सरकत होतो. हातांवर ओरखडे, मानेत कुसळं. खरी भीती मला दादाची होती. त्याच्या बापाच्या डोंगरात मी त्याला आणलं होतं आणि मीच चुकलो होतो.

खालून कुठूनतरी गाईच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला. भाच्यानं जोरात हाक मारली. बाईमाणसाचा आवाज उलटा आला, "कोण हाय वं तिकडं?"

तिशी-पस्तिशीची बाई, डोईला टापर, हातात कोयती, दोन गाई आणि एक वासरू. आधी तिनं दादाकडे पाहिलं आणि काही न विचारता स्वतःची ताकाची बाटली पुढे केली. मग म्हणाली, "त्या सोंडंनं आमचं म्हातारं जायचं. ती मोडली. आता कुनी जात न्हाई." मी फोनवरची रेघ दाखवली. तिनं ती नीट, डोळे बारीक करून पाहिली आणि म्हणाली, "हां, हीच ती."

आजही ती रेघ नकाशावर आहे. कधीकाळी कुणी नकाशा काढणारा तिथून चालला असेल, तेव्हा ती वाट होती. मला वाटतं, सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी: इथे वाट विचारायची ती गावात, आणि विचारायची ती ताजी. "पंचवीस वर्षांपूर्वी गेलो होतो," हे इथे वाट ठाऊक असल्याचं लक्षण नाही.

तिनं आम्हाला आडव्या पदरानं ठळक वाटेला आणून सोडलं, गाई मागे तशाच ठेवून. पैसे देऊ केले तर रागावली. भाच्यानं बॅगेतली शेंगदाण्याची चिक्की तिच्या मुलांसाठी दिली, ती मात्र घेतली.

पर्वतच्या माथ्यावर पोचेस्तोवर ऊन कलंडलं होतं. वर आलो आणि तिन्ही दिशांना शिवसागराचं पाणी डोंगरांच्या बोटांमधून शिरलेलं दिसलं, तांब्याच्या रंगाचं. आग्नेयेला वासोट्याची रांग, पश्चिमेला काल जिथे बसलो तो चकदेव. दादा कितीतरी वेळ एकेक सोंड मोजत होता. मग त्यानं एका जागी बोट ठेवलं, लाँचवाल्यानं दाखवलेली सोंड. इथून ती नखाएवढी.

जोम मल्लिकार्जुनाचं देऊळ काळ्या दगडाचं, जुनं. आम्ही आत गेलो तेव्हा गाभाऱ्यात एकच समई होती आणि दगडाला तेल-धुराचा तो वास, जो गावाकडच्या प्रत्येक जुन्या देवळात असतो आणि कुठल्याच नव्या देवळात येत नाही. दादा नंदीशेजारी टेकला. रात्री जिथे राहिलो त्या घरात त्याच्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक दिला. सकाळी तो आमच्या आधी उठून बाहेर बसला होता.

चौथा दिवस : उतार

सांगण्यासारखं फारसं नाही. ठळक वाटेनं उतरलो, महिमंडणगड दुरूनच पाहिला. त्याच्या माथ्यावरची खोदीव टाकी बघायची राहिली. जीप, मग लाँच, मग बामणोलीला मुक्काम. एक गोष्ट मात्र सांगतो. वाटेत एका ओढ्यावर थांबलो तेव्हा भाच्यानं खिशातून चाकू काढला आणि वाटेवर झुकलेली एक कारवीची काठी कापायला घेतली. चाकू लहान, काठी चिवट, पाचेक मिनिटं लागली. आम्ही दोघं थांबून राहिलो.

पाचवा दिवस : वासोटा

पहिल्या लाँचनं मेट इंदवलीला गेलो, दीड तासाचा प्रवास. हा सगळा भाग कोयना अभयारण्यात, १९८५ पासून. आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वनखात्याच्या चौकीत नावं लिहिली, बॅगेतलं प्लास्टिक मोजून नोंदवलं, अनामत भरली. परत येताना तेवढंच दाखवायचं. हा नियम मला फार आवडतो. चार दिवस आम्ही ज्या डोंगरांत होतो तिथे हा नियम नाही, पण तिथे कचराही नव्हता.

वासोट्याची वाट चुकणं अवघड आहे. ओढ्याकाठचा मारुती-गणपती ओलांडला की रान मिटून घेतं. आंजणी, जांभूळ, हिरडा; वर पानांचं छत आणि खाली सकाळी नऊलाही संध्याकाळ. एका फांदीवर शेकरू लांबलचक शेपूट सोडून बसलं होतं. आम्हाला पाहून ते हललंसुद्धा नाही. भाच्याला त्याचं घरटं दाखवलं, काटक्यांचा मोठा चेंडू, उंच शेंड्याला. ही वाट आता शेकडो लोक चालतात, ती मोडायची नाही. पण पायथ्याला ज्यांनी ती मुळात पाडली ती गावं उठली आहेत. माणसं येतात, वर जातात, पाचच्या आत खाली येतात, लाँचनं निघून जातात. मुक्कामाला परवानगी नाही, आणि रानाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. तरी वाटेवर मधेच एखादं जोतं, तुळशीवृंदावनाचा दगड दिसला की दादा थांबायचा.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, वाड्याचे अवशेष. शिवाजी महाराजांनी याचं नाव व्याघ्रगड ठेवलं. पण लोकांच्या तोंडी राहिली ती ताई तेलीण. पेशवाईच्या अखेरच्या काळात पंतप्रतिनिधींच्या बाजूनं तिनं हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. "श्रीमंत पंतप्रतिनिधी यांचा अजिंक्य वासोटा, तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा," ही ओळ दादाला तोंडपाठ होती. त्याला ती आजोबांनी शिकवली होती. आजोबा उसाच्या फडात पाणी धरताना ती म्हणायचे, असं त्यानं सांगितलं. पाण्याखाली गेलेल्या गावातून त्यांनी जे काही बरोबर नेलं त्यात ही एक ओळ होती. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि किल्ला पडला.

बाबू कड्यावर गेलो. घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा, पलीकडे तो जुना वासोटा, मधे खोल दरी आणि खाली कोकणातलं धूसर रान. वारा खालून वर येत होता. भाच्यानं वाळलेलं एक पान सोडलं, ते खाली जायच्या ऐवजी वर उडालं आणि आमच्या डोक्यावरून मागच्या रानात गेलं. नागेश्वराचा सुळका दक्षिणेला स्पष्ट दिसत होता. तिथल्या गुहेत शंकर आहे आणि शिवरात्रीला चोरवण्याकडून कोकणची माणसं चढून येतात. ती वाट पुढच्या खेपेला.

चारला उतरलो, प्लास्टिक मोजून दाखवलं, लाँच धरली. बामणोली सोडून कासच्या चढाला लागलो तेव्हा फोनला रेंज आली आणि चकदेवच्या पुजारी मामांचा फोन आला. दादाच्या गुडघ्याची चौकशी केली. पर्वतच्या चुकीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, खोऱ्यात बातमीला रस्ता लागत नाही. मग म्हणाले, शिवरात्रीच्या आधी सगळे मिळून वाट काढतात, शिड्यांपासून शिंदीपर्यंत. मुंबईची पोरं यंदा किती येतील त्याचा भरवसा नाही.

दादानं माझ्या हातातून फोन घेतला. "आम्ही तिघं धरा," तो म्हणाला.

"या की. पर कोयती आणा. हितं तीनच हायत्या."

साताऱ्यात शिरल्यावर घरी जायच्या आधी दादानं गाडी बाजाराकडे घ्यायला सांगितली. लोहाराचं दुकान बंद होत आलं होतं.